श्री. लॉयड पेल्टोनेन यांची अर्धी मिशी जळाल्याबाबत

नाव एल्व्हेरा कोस्केला, वय ६३ वर्षे, धंदा टपालवाटप (आता निवृत्त), राहणार पाइक बे, मिशिगन. सध्या मुक्काम सरोवराकाठचा कॅम्प, जागा क्र. २२, स्वतःच्या व्हॅनमध्ये.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, जागा क्र. २३ वर उतरलेले तक्रारदार लॉयड पेल्टोनेन हे माजी पती होत. दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला, तेव्हा घर त्यांच्याकडे आणि व्हॅन माझ्याकडे आली. या कॅम्पवरचा दरवर्षीचा ऑगस्टचा पहिला आठवडा कोणाकडे गेला हे कागदात लिहायचे राहून गेले. त्यामुळे दोघेही येतो. या वर्षी त्यांना त्यांच्या भावाने ट्रेलरसह आणून सोडले आहे.

आज दि. ४ ऑगस्ट रोजी सायंकाळी पाचच्या सुमारास मी नवीन घडीची ग्रिल शेगडी व्हॅनच्या बाहेरच्या गॅसजोडणीला लावली. हे काम मी प्रथमच केले. संसारात गॅस हे त्यांचे खाते होते आणि मी ताट धरून उभी राहायचे. शेगडी पेटली, पण ज्योत वाढदिवसाच्या मेणबत्तीएवढी. पंचवीस मिनिटांत सॉसेज कोमट झाले. माजी पती खुर्ची टाकून बघत होते.

ते म्हणाले, "काय गं एल्व्ही, भाजतेयस की त्यांना ऊन दाखवतेयस?"

मी म्हणाले, "तू तुझं बघ."

मी पुस्तिका वाचली. व्हॅनमधून बाहेर येणारा गॅस रेग्युलेटरमधून कमी दाबाचा होऊनच येतो. शेगडीवरचा दुसरा रेग्युलेटर त्याचा पुन्हा गळा आवळतो. मी गॅस बंद केला, शेगडीवरचा रेग्युलेटर काढला, खोक्यात दिलेला जोड बसवला, साबणाचे पाणी लावून बुडबुडे येत नाहीत याची खात्री केली आणि शेगडी पेटवली. ज्योत उत्तम आली. त्या वेळी मी "हा!" असे मोठ्याने ओरडले. तक्रारीत त्याला 'डिवचणे' म्हटले आहे. मी एकदाच ओरडले.

त्यावर माजी पती पाना घेऊन उठले. "रेग्युलेटर काढलास होय? मग मीपण काढतो. बघ आता ज्योत."

मी म्हणाले, "अरे, तुझी शेगडी थेट टाकीवर आहे. माझा गॅस व्हॅनमधून दाब उतरून येतो. तुझा काढू नकोस."

"जन्मभर पत्रं वाटलीस तू. गॅस मला शिकवतेस?"

मी हे एकूण तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा सांगताना हातात चिमटा होता. चिमटा फेकलेला नाही.

त्यांनी रेग्युलेटर काढून नळी थेट टाकीला जोडली, चावी सोडली, काडी लावली आणि वाकून पाहिले. ज्वाळा ट्रेलरच्या कापडी छपरीपर्यंत गेली. छपरीला ताटाएवढे भोक पडले व डाव्या बाजूची मिशी गेली. ते "पेटली" असे म्हणाले आणि जागेवरून हलले नाहीत. मी जाऊन टाकीची चावी बंद केली. पाणी जवळ नव्हते, म्हणून डाव्या हातातले बटाट्याचे सॅलड भांड्यासकट त्यांच्या तोंडावर उपडे केले. ही मारहाण नव्हे. सॅलड थंड होते का, असे जबाब घेणाऱ्या डेप्युटी साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, थंड होते.

मी हसले का, असेही विचारले. हसले. ती मिशी लग्नाच्या आधीपासूनची होती. तिच्याखालचा ओठ मी आज प्रथम पाहिला. नंतर हसले नाही.

त्यांच्याकडे गाडी नसल्याने मी त्यांना व्हॅनमधून दवाखान्यात नेले. त्यांनी पुढची सीट पूर्वीसारखी मागे सरकवली. मलम लावून झाल्यावर ते म्हणाले, "आता पोलिसांत चल. तुझी तक्रार द्यायचीय." म्हणून त्यांना इथे मीच घेऊन आले.

मी जाणूनबुजून अर्धवट माहिती दिली हा आरोप खोटा आहे. उजव्या हाताची पट्टी टाकीची चावी बंद करताना भाजल्याची आहे. तक्रारीत तिचा उल्लेख नाही, पुढेही नको. हा जबाब चालू असताना माझे पती बाहेर बाकावर बसून जे सॉसेज खात आहेत, ते माझ्या शेगडीवरचे आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ते चांगले भाजले गेले आहे का, एवढे त्यांना कोणी विचारल्यास बरे होईल.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. 'माजी पती' असे सांगितले असता चार ठिकाणी 'माझे पती' असे टंकले गेले होते. तीन ठिकाणी दुरुस्त करून घेतले. चौथ्या ठिकाणी खाडाखोड वाईट दिसेल, म्हणून तसेच राहू दिले.

सही डाव्या हाताने केली आहे.

एल्व्हेरा कोस्केला