हॉल तिकीट मनोरीला गेलं

…आणि नेमकं तिथेच लिफ्टचं दार बंद झालं! आता ह्याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा. दुसऱ्या मजल्यावरची दर्शना, हातात कोथिंबिरीची जुडी, लिफ्टमधून बाहेर पाय टाकता टाकता म्हणते कशी, "शकुकाकू, ऐकलंत का, तुमच्या समोरची श्रुतिका आज पेपर सोडून एका पोराबरोबर मनोरीच्या बोटीत बसली, आमच्या ह्यांनी मार्व्याच्या धक्क्यावर स्वतः बघितलं, आणि बाई ती तिथे…" आणि दार बंद! तिथे काय? तिथे काय गं बाई? रडत होती? हार घालून होती? मी लिफ्टमधूनच बोंबलले, "दर्शनाऽऽ, पुढचं सांग गं!" पण लिफ्ट कुणाचं ऐकते? सातव्या मजल्यावर नेऊन सोडलं मला. फोन लावला, तर दर्शना उचलेना.

मला काय त्याचं? पण राहवत नाही हो.

आमचे हे सोफ्यावर पेपर वाचत होते. म्हणाले, "शकू, तुका काय करूचा हा? गप रव." ह्यांचं बरं आहे. पण तुम्हाला सांगते, ती श्रुतिका माझ्या डोळ्यांदेखत एवढीशीची एवढी झाली. धोंडिरामभाऊ सिक्युरिटीत, चंपा नर्सिंग होममध्ये आया, दोघंही सकाळीच बाहेर. पोर बालवाडीत होती तेव्हापासून त्यांच्या घराची चावी माझ्या खिळ्यावर. तिला सी.ए. व्हायचंय! आमच्या मजल्यावर अजून कुणी साधं बँकेत लागलं नाही, आणि ही सी.ए. होणार. मग काय, सकाळी सातला बी.कॉम.चं कॉलेज, दहाला सी.ए.च्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे हाताखाली राहून काम शिकायचं, संध्याकाळी क्लास. एकदा माझ्याकडे आमटी-भात खायला बसली, तर घास तोंडात आणि डोळे मिटलेले! अर्धा घास चावला, अर्धा झोपेत तसाच! मी आपली भुरका मारून दाखवते, पोरीला जाग यावी म्हणून.

आणि तिचे ते सर! रजा मागायला गेली, तर म्हणे, "हे बघ श्रुतिका, परीक्षा दर सहा महिन्यांनी येते, मार्चएंड वर्षातून एकदाच येतो." ऐकलंत? तोंड वाजवावं, तर शेवटी त्यांची सही लागते, नाहीतर केलेलं सगळं काम पाण्यात. आणि त्या दिवशी काय होतं? एकतीस मार्च! आणि अडीच वाजता तिच्या शेवटच्या वर्षाचा पेपर! कसला? ऑडिटचा! देवा, त्यात आणि ही पेपर सोडून मनोरीला?

मला काय त्याचं? पण मी चावी घेतली.

आत गेले, तर फ्रीजवर काय! हॉल तिकीट! त्याच्यावर पेन, पेनावर रबर. झालं! म्हणजे पोरीने खरंच पेपर सोडला! फोन लावते, तर बंद. दर्शना अजून उचलेना. मग मी विचार केला, गेली असेल डोकं फिरून, वय आहे, कामाने कंटाळली असेल, पण हे हॉल तिकीट तिच्या हातात नेऊन दिलं, चार शब्द गोड बोलले, तर अजून वेळ आहे, पेपर देईल. लग्न काय, संध्याकाळी पण करता येतं! टाकलं हॉल तिकीट पर्समध्ये, पायात चप्पल, ह्यांनी "अगो, खंय?" म्हणेपर्यंत मी रिक्षात. सबवे गाड्यांनी तुंबलेला, मग बस, मग मार्व्याचा धक्का. सव्वा वाजलेला. डोक्यावर ऊन, धक्क्यावर सुक्या जवळ्याचा वास, आणि बोट सुटत होती. मी आपली साडी धरून उडीच मारली. पंचावन्न वर्षांची बाई उडी मारते, आणि एक माणूस हात देईल तर शपथ!

आणि आता ऐका. बोट खाडीच्या मध्यावर. समोरून मनोरीची बोट येतेय. आणि त्या बोटीत कोण? श्रुतिका! हातात फाईल, बाजूला एक काळासावळा पोरगा, त्याच्याही हातात फाईल. मी ओरडले, "श्रुतिकाऽऽ! पेपर! पेपर दे गं बाई!" आणि पर्समधनं हॉल तिकीट काढून असं वर धरलं. मला वाटलं, बघून हरखेल. तर तिचा चेहरा… तुम्हाला सांगते, माणसाचा रंग असा उतरताना मी आयुष्यात बघितला नव्हता. ती ओरडली, "काकूऽऽ! ते इथे कशाला आणलंऽऽत?" आणि दोन बोटी दोन दिशांना! तिची बोट हॉल तिकिटाशिवाय मार्व्याला, माझी बोट हॉल तिकिटासकट मनोरीला!

लगेच फोन आला. "काकू, मी रिसॉर्टमध्ये माल मोजायला आले होते! सरांनी पाठवलं! साडेबाराला संपवलं, घरी जाऊन हॉल तिकीट घेऊन वेळेत पोचणार होते! बोटीत भिजेल म्हणून मुद्दाम घरी ठेवलं होतं हो!" म्हटलं, "अगं, आणि तो मुलगा?" म्हणाली, "तो सुशांत, खारदांड्याचा, माझ्याच ऑफिसातला. एकाने मोजायचं, एकाने लिहायचं. काकू, पुढच्या बोटीने या!" आणि मोजत काय होती सांगू? उशा! तीनशे बारा उशा! फोन बंद करून बॅगेत ठेवायचा आणि उशा मोजायच्या, हा म्हणे सरांचा नियम. तीन वर्षं शिकली, ती उशा मोजायला!

पुढची बोट येते का लवकर? बोटवाला म्हणतो, "मावशी, भरली की सोडतो." मी म्हटलं, "अरे, पोरीचं वर्ष आहे रे!" "मावशी, माझं पण डिझेल आहे." मग मीच उभी राहून माणसं गोळा केली. "चला, मार्वे, मार्वे!" बोटीची कंडक्टर झाले, काय करणार? अलीकडे आले, तर धक्क्यावर दोघं उन्हात उभी. पोरगी एक शब्द वाकडा बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं मला. रिक्षात माझा हात धरून बसली आणि ओठांतल्या ओठांत उत्तरं पुटपुटत होती. कॉलेजच्या गेटवर तीनला पाच कमी. आणखी पाच मिनिटं, तर गेटच बंद होतं.

साडेपाचला बाहेर आली. मी फुटपाथवर तशीच बसून. विचारलं, "कसा गेला?" म्हणाली, "शेवटचा प्रश्न राहिला. पंधरा मार्कांचा. काठावर आहे काकू, बघू." म्हटलं, "काय होता गं प्रश्न?" तशी हसली, पण डोळ्यांत पाणी. "ऑडिट करताना ऐकीव माहितीवर किती विश्वास ठेवावा, कारणं द्या. काकू, एवढा एकच मला तोंडपाठ येत होता."

रात्री चंपाला सगळं सांगितलं आणि चावी परत द्यायला लागले, तर म्हणाली, "ठेवा हो काकू. फक्त फ्रीजवरचं काही हलवू नका."

आणि सकाळी लिफ्टमध्ये परत दर्शना! "काय हो काकू, मी म्हटलं ते खरं ना? बोटीत पोरगा होता ना? पेपर सोडला ना तिने?" खोटं तरी कुठे होतं? पोरगा होता. बोट होती. आणि पेपर सोडला, थोडासा, तोही माझ्यामुळे. मी म्हटलं, "अगं, काल तू 'ती तिथे' म्हणालीस, पुढे काय होतं?" तर म्हणते, "तिथे पण पुस्तक उघडून वाचत होती, हेच सांगत होते मी!"

मला काय त्याचं, असं म्हणायचीसुद्धा आता सोय राहिली नाही हो.