बारा वाजताचं मोजमाप

हरिहरपंत : निकाल मी वाचला आहे, धाकू. हायकोर्टाने तुला निर्दोष सोडलं. याहून अधिक तुला काय हवं?

धाकू : निर्दोष नाय बोलले, रावसाहेब. वकिलानं मना वाचून दाखवला. पुरावा पुरा पडत नाय, येवराच लिवलाय.

हरिहरपंत : कायद्यात दोन्हींचा अर्थ एकच.

धाकू : कायद्यात असंल. माजिवड्यात नाय. आठ महिने तुरुंगात काथ्या कुटून घरी गेलो, तं शेजारीन मना बघून हंड्यावर झाकन घालते. 'सुटलास रं धाकू' सगले बोलतात. 'तू केला नाय' असा एक जन बोलत नाय.

हरिहरपंत : तुझ्याबरोबर ही कोण?

धाकू : ठमा. माज्या भावाची, पोपटाची बायको.

हरिहरपंत : बाई, त्या पायरीवर ऊन आहे. इकडे ओटीच्या सावलीला बस.

ठमाबाई : बरी हाय इथंच.

हरिहरपंत : पोपटचं मला कळलं. फार वाईट झालं.

धाकू : निकालाच्या नऊ दिस आधी गेला. हगवनीनं. तुरुंगातले शिपाई त्याला कुठं घेऊन गेले, ते पन मना दुसऱ्या दिवशी सांगितला. मंग वकील बोलला, मेलेल्याचा अपील कोर्ट ऐकत नाय, तो आपोआप मिटतो. दोघांवर खुनाचा आल एकच, साक्षीदार एकच, नकाशा एकच. जगला तो सुटला. मेला तो खुनी राह्यला.

हरिहरपंत : कायद्याची ती रीत आहे खरी. पण त्याला आता शिक्षा कसली भोगायची राहिली आहे?

ठमाबाई : त्यांना नाय. शालूला हाय.

हरिहरपंत : शालू कोण?

ठमाबाई : माजी पोर. डोंबिवलीच्या घरी तिचा लगीन ठरला व्हता, मागच्या वर्सी. आता सोयरे बोलतात, धाकूची पोर असती तं केली असती, तो कोर्टातून सुटला. पोपटाची नको. परवा पंच बसनार हायत. सोयरे येतील आनि पंचांच्या देखत मोडतील. मंग तिला कोन करनार?

हरिहरपंत : मला दुःख होतं. पण जातीच्या पंचांपुढे माझं काय चालणार? मी बांधकाम खात्याचा ओव्हरसियर. जागेचा नकाशा सरकारने मागितला, तो मी काढून दिला. खून कोणी केला, याविषयी मी एक शब्दही बोललो नाही.

धाकू : ते खरा हाय. तुमचा नकाशाच बोलला. साडेअकराला आमाला गावच्या विहिरीवर धा जनांनी बघितला. बाराला, तुरुंगाची घंटा वाजली तवा, खाडीच्या फाट्याच्या पल्याड मिठागराचा धोंडीबा मुकादम मेला. बांधावरनं फिरून जायचा तं दोन कोस, दीड तास. आमी पोचतच नव्हतो. पन तुमी फाट्यातनं एक वाट काढून दिली. पंधरा मिन्टांची.

हरिहरपंत : वाट मी काढली नाही. ती तिथे होती. नऊशे वीस वार. जाताना मोजणीची साखळी टाकली, येताना पुन्हा टाकली. दोन मापांत दीड फुटाचा फरक आला, तोही मी समासात नोंदवला. खून बाराच्या सुमारास झाला, म्हणून मी मुद्दाम भर बाराच्या ठोक्यालाच गेलो. ऊन तेच असावं, सावली तीच असावी, नजरेची पोच तीच असावी. इतकी खबरदारी आमच्या विद्यालयातल्या गुरुजींनीसुद्धा घेतली नसती.

ठमाबाई : कंच्या दिवशी गेलता?

हरिहरपंत : बारा एप्रिलला.

ठमाबाई : तिथी सांगा.

हरिहरपंत : कोर्ट तिथीवर चालत नाही, बाई.

ठमाबाई : खाडी चालते.

धाकू : मी सांगतो. तुमी गेलता तो रामनवमीचा आदला दिस. अष्टमी. धोंडीबाला मारला तो पाडव्याचा आदला दिस. अवस. तुमी पाऊनकी शिकलाव ना शालंत? तिथीला पाऊनकीनं गुनायचा, भरतीचा तास निघतो. वर ठान्यापरत पानी चढायला पाऊन तास. अष्टमीला आठ पाऊन सहा. सकाली पावनेसातला भरती, दुपारी बाराला पानी उतरून चिखल उघडा. अवसेला पंधरा पाऊन सव्वाअकरा, त्याच्यात पाऊन तास घाला. किती झाले, रावसाहेब?

हरिहरपंत : बारा.

धाकू : बारा. उधानाची भरती. तुमच्या वाटंवर दोन पुरुस पानी.

हरिहरपंत : नकाशा मी नियमाप्रमाणे काढला. खाडी निळ्या रंगात दाखवली होती.

धाकू : तेच मी बघत व्हतो, पिंजऱ्यात हुबा राहून. निली खाडी, आनि त्या निल्यावरनं लाल टिपक्यांची वाट. पोपट मना बोलला, दादा, सायबानं आपल्याला पान्यावरनं चालवला बघ. हसला तो. मंग वरडला.

ठमाबाई : मी बाहेर चिंचंखाली व्हते. मना ऐकू आला. 'तवा पानी व्हता, पानी व्हता' बोलत व्हते.

हरिहरपंत : जज्जसाहेबांनी मला लगेच विचारलं होतं. दुपारी बारा वाजता ही वाट कोरडी असते काय? मी उत्तर दिलं, होय, मी स्वतः बारा वाजता पाहिली आहे. प्रश्न होता तेवढ्याचं उत्तर दिलं. त्यात असत्य नव्हतं.

धाकू : नाय, असत्य कुठला. घड्याल तुमचा बरोबर व्हता.

हरिहरपंत : आणि मग तुमच्या गावाने काय केलं? पाऊणकीचा हिशेब तुमच्या घराघरात ठाऊक आहे. विहिरीवरचे दहा जण कोर्टात आले होते. त्यांतल्या एकाने तरी तोंड उघडून सांगायचं होतं, त्या दिवशी भरती होती म्हणून.

धाकू : धोंडीबा मालकाचा मानूस. मालक बोलंल त्याला मिठागरात काम. त्यांना विचारला तेवरा बोलले, तुमच्यासारकाच. आता तं येगलीच गम्मत हाय. सरकारी कागदावर वाट कोरडी लिवली, तवापासनं कुनाला त्या दिवशीचा पानी आठवतच नाय. पंच बोलतात, भरती असती तं सायबाला दिसली नसती का.

हरिहरपंत : म्हणजे पंचांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्या नकाशावर विश्वास अधिक.

धाकू : तुमी पुन्याला शिकलाव. ते मिठात शिकले.

ठमाबाई : मना एक विचारायचा हाय. तुमाला कवा समजला?

हरिहरपंत : काय?

ठमाबाई : पानी व्हता ते. आता धाकूनं सांगितला तवा तुमी दचकलाव नाय.

(हरिहरपंत उठून घराचं दार ओढून घेतात आणि पुन्हा येऊन बसतात.)

हरिहरपंत : शिक्षा सुनावल्यानंतर चौथ्या दिवशी. पोपटचं ओरडणं डोक्यातून जाईना, म्हणून पंचांग काढलं. प्रथम तिथी पाहिली. नंतर माझी मोजणीची वही पाहिली. दोन्ही शेजारी ठेवून अर्धा तास बसलो.

धाकू : चौथ्या दिवशी.

हरिहरपंत : त्याच दिवशी एंजिनियरसाहेबांच्या नावाने पत्राचा मसुदा लिहिला. मोजमाप बरोबर आहे, परंतु ते ज्या दिवशी घेतलं त्या दिवशी ओहोटी होती आणि खुनाच्या दिवशी भरती. सबब वाटेविषयीचं माझं उत्तर ग्राह्य धरू नये. चार ओळी. त्याहून अधिक लिहिण्यासारखं नव्हतंच काही.

ठमाबाई : मंग?

हरिहरपंत : पाठवला नाही. नकाशावर माझ्यानंतर साहेबांचीही सही होती. मी चुकलो म्हणणं म्हणजे तेही चुकले म्हणणं. मनाशी म्हणालो, अपील गेलंच आहे. हायकोर्टात मोठमोठे विद्वान बसतात. ते पाहून घेतील.

धाकू : बघितला की त्यांनी. भरतीचा नाव नाय घेतला, पन आमाला बघितला बोलनाऱ्या साक्षीदाराला तेवऱ्या लांबनं तोंड दिसनार नाय, येवरा त्यांना दिसला. फकस्त नऊ दिस उशीर झाला.

हरिहरपंत : तू मला हवं ते बोल.

धाकू : तुमाला बोलून माजा भाऊस उठनार नाय. तुरुंगात रोज बाराची घंटा व्हायची. पोपट तिथी मोजायचा. आज भरती, आज ओहोटी. शेवटी शेवटी त्याला उठता येत नव्हता, तरी मोजायचा. बोलायचा, दादा, कवातरी कुनी सायेब खाडीवर जाऊन बघंल.

हरिहरपंत : मसुदा माझ्या पेटीत आहे. आता त्याच्याखाली सही करतो आणि तुझ्या हातात देतो. पंचांना दाखव. सोयऱ्यांना दाखव.

ठमाबाई : कागद नको.

हरिहरपंत : बाई, कागदाशिवाय माझ्या शब्दाला आधार कोणता?

ठमाबाई : कागद एक झाला तेवरा बस झाला. पंचांत वाचता कुनाला येतो? परवा अवस हाय. मिठागराचा काम बंद. सगले फाट्याच्या बांधावर बसनार हायत, बारा वाजता. तुमी तिथं या. साखली घेऊन.

हरिहरपंत : उधाणाच्या पाण्यात साखळी टाकता येत नाही. माप निघणार नाही.

ठमाबाई : नाय निघाला, तं नाय निघाला बोला. त्या लोकांच्या देखत. येवराच.

हरिहरपंत : तू 'एवढंच' म्हणतेस. चारचौघांत मी असं बोललो की ते आठ दिवसांत कचेरीत पोहोचेल. शपथेवर दिलेलं उत्तर मी मागे घेतलं, असा त्याचा अर्थ होतो. बावीस वर्षांची नोकरी आहे. माझ्यावर खोट्या साक्षीचा खटलासुद्धा होऊ शकतो.

धाकू : भिऊ नका, रावसाहेब. पुरावा पुरा पडनार नाय.

हरिहरपंत : हसतोस?

धाकू : हसाया तुरुंगात शिकलो. दुसरा काय शिकवत नाय तिथं.

हरिहरपंत : मुलगी किती वर्षांची आहे?

ठमाबाई : बारा सरली. तिला वाटतो, बापूस मिठाच्या गलबतावर गेलाय. परवा तिला समजंल. कुनाच्या तोंडून समजंल, ते तुमी ठरवा.

हरिहरपंत : माझे साखळीचे गडी सरकारी आहेत. त्यांना आणता येणार नाही. साखळी ताणायला दोन माणसं लागतात.

धाकू : एक टोक मी धरीन. अल्याडचा.

हरिहरपंत : आणि दुसरं?

ठमाबाई : दुसरा तुमी धरा आनि उतरा. कडंलाच छातीपरत पानी असंल. पागोटा घरी ठेवून या.