तेरा अध्याय, एक पान

दाओरुअंग : ऐकताय ना मामा? ही जुनी सिस्टीम आता काढून टाकू. विहाराची एवढीशी वेबसाइट, तिला कशाला हत्तीचा थाट! दर रविवारी अपडेट, दर रविवारी मोडतोड.

मामा : हत्ती म्हणे! बँकॉकहून येऊन तूच बांधलास ना दारात?

दाओरुअंग : तेव्हा मला तेवढीच येत होती. नवी अगदी साधी आहे. थोरल्या भन्तेजींच्या जुन्या गायनाची फाइल चढवायची, खाली दोन ओळी लिहायच्या, झालं. देखभाल जवळजवळ नाहीच.

मामा : आणि कथेचे तेरा अध्याय?

दाओरुअंग : तेरा पानं. ज्याला जो हवा, तो ऐकेल.

मामा : इथंच तुझं शहर आडवं येतं बघ. बुद्धाच्या मागच्या जन्माची, वेस्संतर राजाची कथा एका दिवसात, सलग ऐकायची असते. तरच पुण्य. म्हणून मी सगळं एकाच पानावर ठेवलंय.

दाओरुअंग : म्हणूनच ते पान उघडत नाही! सिंगापूरची मावशी म्हणते, फोन तापतो, पुण्य राहतं बाजूला.

मामा : तिकडे मद्दी राणी, राजानं दान देऊन टाकलेल्या पोरांना हाका मारत रानभर फिरतेय, आणि हिला फोनची काळजी! अगं, थोरले भन्तेजी तो अध्याय गायला लागले की अख्खा मंडप मुसमुसायचा.

दाओरुअंग : आता कोण येतं मंडपात?

मामा : प्रत्येक अध्यायाचं एक यजमान घर. यजमानानं समोर हात जोडून बसायचं, ही रीत. यंदा निम्म्या घरांना कुलूप. मग त्यांच्या जागी मीच बसलो. अध्याय संपला की उठायचं, पुढच्या बंद घराच्या चटईवर जाऊन बसायचं.

दाओरुअंग : एकटेच?

मामा : गाणारे भन्तेजी होते की समोर. नवे आहेत, पण गळा गोड.

दाओरुअंग : मामा, नव्या सिस्टीममध्येही अध्याय एकामागून एक आपोआप लागतील. मी करून पाहिलंय. पानं तेरा, बैठक एकच.

मामा : मध्येच वीज गेली तर?

दाओरुअंग : थांबलं तिथूनच पुढं सुरू.

मामा : मी पासवर्ड विसरलो तर?

दाओरुअंग : तुम्हाला लागणारच नाही. सगळं मी इथून बघीन. तुम्ही हातसुद्धा लावायचा नाही.

मामा : मग जुनीच बरी.

दाओरुअंग : अहो, पण का? रविवार आला की फोनवर तासन्‌तास तेच. कुठलं बटण दाबू, हे लाल का झालं. कंटाळा नाही येत?

मामा : तुला येतो?

दाओरुअंग : मला तसं नव्हतं म्हणायचं.

मामा : नाही, खरंय तुझं. साधीच घे. कथा लोकांच्या कानी पडली पाहिजे. बाकी माझं काय.

दाओरुअंग : मामा…

मामा : घे म्हटलं ना.



दाओरुअंग : सिस्टीम कुठलीही असू दे, रविवारी मी फोन करणारच.

मामा : कर की. पण काही बिघडलेलंच नसेल, तर आपण बोलायचं काय गं?