नादेझ्दा मधुकर भोईर

आजच्या अमृतमहोत्सवी सत्काराचे अध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर, खरवईतल्या आयाबाया, माझे वर्गबंधू-भगिनी, आणि सत्कारमूर्ती, आमच्या प्राथमिक शाळेचे माजी मुख्याध्यापक अवधूत सर, सर्वांना नमस्कार.

मानपत्र लिहून वाचण्याचा मान मला दिलात, त्याबद्दल माजी विद्यार्थी संघाची आभारी आहे. पत्रिकेत माझं नाव 'नंदा भोईर' छापलंय. माझं नाव नादेझ्दा. हसू नका, पहिल्या रांगेतल्या बनूबाई! अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर काम करणारे माझे बाबा पुस्तकांच्या गाडीवरून रशियन गोष्टींची मराठी भाषांतरं आणायचे, त्यांतलं हे नाव. अर्थ आशा. मूळ ग्रीक, एल्पिस नावाच्या एका ख्रिस्ती संत मुलीचं. रशियन लोकांनी ते आपल्या भाषेत उतरवून घेतलं. लाडाने नाद्या. 'नाद्याला पाहिलं' म्हणायचं तर 'नाद्यू', म्हणजे आपल्यासारख्या विभक्तीसुद्धा! आणि मधे बापाचंच नाव, मुलीसाठी शेपूट जोडून: नादेझ्दा मधुकरोव्ना. बाबा हे सगळं मला जेवताना शिकवायचे.

पहिलीच्या प्रवेशाला सरांनी रजिस्टरात काय लिहिलं? नंदा. जन्मतारीख एक जून. ती तेव्हा अर्ध्या वर्गाची असायची, त्याबद्दल तक्रार नाही. पण नावासाठी बाबा तीनदा शाळेत गेले.

"सर, माजे पोरीचा नाव मी ठेवलाय."

"मधू, असलं नाव हाक मारायला जड. मी सोपं केलंय."

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

चार वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या एका दवाखान्यात बाबा शेवटचं 'नाद्याला बोलवा' म्हणत होते. भरतीच्या कागदावर त्यांनी मुलीचं नाव नादेझ्दाच सांगितलेलं. माझ्या आधार कार्डावर नंदा. नाव जुळत नाही म्हणून मला दारात अडवलं. समजावून आत पोहोचेपर्यंत बाबा गेले होते. सर, मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

आता मानपत्र वाचते. "आदरणीय श्री. बाळू सर..."

काय झालं सर, उठलात? काय म्हणताय, माझं नाव अवधूत आहे? असेल. हाक मारायला जड होतं, मी सोपं केलंय. पंच्याहत्तराव्या वर्षी तुम्हाला एवढं झोंबलं. मी सहा वर्षांची होते. तीनशे प्रती छापून झाल्यात, फ्रेमही तशीच आहे.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. मानपत्रावरचं नाव मात्र चुकून पडलेलं नाही.