तबकडीची दुसरी बाजू

१९६८ सालची गोष्ट. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या बसथांब्यावर एनिड रांगेत उभी होती. तिच्या पुढे दोघी बहिणी बोलत होत्या.

"ताई, काल आपल्या धाकट्या कॉलिननं नवी तबकडी लावली. सगळ्या गाण्यांत मिळून एकाच शिपायाची गोष्ट!"

"बाबांसमोर? लढाईचं नाव काढलं की उठून जातात ते."

"हललेसुद्धा नाहीत. शिपाई खंदकात अडकला आणि बाजू संपली."

"मग?"

"बाबांनी स्वतः उठून तबकडी उलटली. म्हणाले, 'तो घरी पोचतो का, बघू दे.'"

"पोचला?"

"एकटाच. मग बाबा लढाईत गेलेल्या त्यांच्या सोबत्याबद्दल बोलले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा!"

"नाव काय त्याचं?"

"सेल्विन."

"अगं, आपल्या दादाचं नाव!"

"त्याच्यावरूनच ठेवलंय."

बस आली. एनिडनं मागच्यांना पुढे जाऊ दिलं. लढाईवरून न परतलेल्या तिच्या भावाचं नावही सेल्विनच होतं.