सोबतीचं माणूस

सुलक्षणा : मशीन नाही लावता येणार, मावशी. वजन झालं, बीपी झालं; पण सोबतीचं माणूस कुठंय? ते माझ्यासमोर उभं पाहिजे आणि त्याची सही पाहिजे.

कमलबाई : गुरवारले नही लागनी सही.

सुलक्षणा : गुरुवारी मी डोळेझाक केली. आता मोठ्या डॉक्टरांनी बजावलंय. डायलिसिसचा पेशंट एकटा आला तर घ्यायचा नाही, यादीतला पुढचा नंबर बोलवायचा. मागच्या महिन्यात ते अमळनेरचे काका इथून चालत गेले आणि स्टँडवर कोसळले. सोबत कोणी नव्हतं. कळवायचं कोणाला, हेसुद्धा पोलिसांना कळेना.

कमलबाई : मी दोन वरीसपाईन येस. एकदाबी चक्कर उनी नही.

सुलक्षणा : मग भाऊ कुठे आहेत तुमचे? वहीत दर वेळी त्यांचीच सही दिसते. तोताराम, नातं भाऊ. लावा की त्यांना फोन.

कमलबाई : त्या मना भाऊ नहीत, सिस्टर.

सुलक्षणा : म्हणजे?

कमलबाई : तुमी आत्ते बदली व्हईसन उन्यात, तुमले माहीत नही. तठे खिडकीजोडेनी खाटवर रुख्माबाई ऱ्हाये. तोतारामभाऊ तिना मालक. तिनासंगे येत, मंग मनीबी सही करी देत. पहिली सिस्टर म्हने, नातं काय लिखू? त्या म्हनेत, भाऊ लिखा. आठे बठ्ठा असंच करतस. ज्यानं कोनी नही, त्यानी सही बाजूवाला करस.

सुलक्षणा : रुख्माबाई... मागच्या सोमवारी वारल्या त्या?

कमलबाई : हा. आज आठवा दिवस. अग्नी त्यासनीच दिधा, पोरबाळ नही त्यासले. दहावा व्हई तवलोंग घरबाहेर निंघानं नही. त्या मानूसले मी कोना तोंडे फोन करू?

सुलक्षणा : तुमचा मुलगा आहे ना सुरतला? नीलेश?

कमलबाई : त्याले सांगेल शे, मले बरं वाटी गयं, मशीन बंद व्हयनं.

सुलक्षणा : अहो! असं का सांगितलं?

कमलबाई : दर फोनले इचारे, माय, आजून कितला दिवस? मी काय सांगू? दिवस सरनात का मी सरनू, असं सांगू? मंग सांगी दिधं, बरं शे. तवयपाईन त्याना फोनबी कमी येस. बरी मायले काय इचारानं?

सुलक्षणा : मावशी, मी समजू शकते. पण मशीन सहा, त्यातलं एक बंद. यादीत एकोणीस जण थांबलेत. पुढचा नंबर सोनलचा आहे. सातपुड्याकडची पोरगी, वीस वर्षांची. गुरुवारपासून आई-बाप तिला घेऊन खाली ओट्यावर मुक्कामाला आहेत. तिचा श्वास लागतोय.

कमलबाई : रुख्माबाईनी जागा खाली व्हयनी ना? तठे काबर नही लिधं तिले?

सुलक्षणा : त्या जागेवर दुसऱ्याच दिवशी एकजण आला. हिचा नंबर त्याच्या मागचा.

कमलबाई : मंग आते मना मरानी वाट दखानी.

सुलक्षणा : असं बोलू नका हो.

कमलबाई : वाईट नही बोलस. ती वीसनी, मी त्रेसष्टनी. तिनासंगे माय शे, बाप शे. मनासंगे कोनी नही म्हनीसन मी यादीनाबी बाहेर? एकलं मानूस जगानं नही का, सिस्टर? एकलं ऱ्हावानी हौस कोनले शे!

सुलक्षणा : मी नियम करत नाही, मावशी. मी फक्त रोज कोणाला तरी नाही म्हणते. घरी जाऊन जेवते, तेव्हा तेच आठवतं. तुम्ही सांगा, आज कोणाला म्हणू?

कमलबाई : मी कशी सांगसू? ... रुख्माबाई व्हती तवय बरं व्हतं. चार तास आमी बोलूत. आठवडाभरनं बोलनं मी तिनाकरता जमाडी ठेवू. शेजारनी बकरी व्यायनी, नळले पानी नही उनं, बठ्ठं तिले सांगानं ऱ्हाये. आते त्या खाटवर येस तो तोंडवर रुमाल टाकीसन झोपी जास. भू एकलं लागस मले.

सुलक्षणा : साडेदहापर्यंत मी थांबते. लावा तोतारामकाकांना. येत नाही म्हणाले तर मी काही बोलणार नाही.

(कमलबाई फोन लावते. सुलक्षणा स्पीकर सुरू करून देते.)

तोताराम : बोला अक्का.

कमलबाई : काही नही, भाऊ. सहज लावा. जेवनात का?

तोताराम : मशीन लागनं का?

कमलबाई : लागी आते.

तोताराम : दहा वाजी गयात. तुमनं तं नवले लागस.

सुलक्षणा : काका, मी सिस्टर बोलते. मावशींसोबत कोणी नाहीये. सहीला माणूस नसेल तर आज त्यांना परत पाठवावं लागेल.

कमलबाई : काबर सांगं तुमी! भाऊ, तुमी येवू नका. दहावा व्हवू द्या.

तोताराम : मी खालेच शे, अक्का.

कमलबाई : खाले कोठे?

तोताराम : दवाखानाना वट्टावर. आज सोमवार ना. सकायले उठनू, आंग धोयं, तिना डबा भरा, चादर लिधी, निंघनू. गेटमा उनू तवय ध्यानमा उनं.

कमलबाई : अरे देवा! कवयपाईन बठेल शेतस?

तोताराम : साडेसातपाईन. घर जावाले जीव नही व्हयना. थांबा, वर येस.

सुलक्षणा : या काका. दारातच थांबलात तरी चालेल, वही मी आणते. इथे सही करा. वेळ लिहा, दहा वीस.

तोताराम : सिस्टर, हाई सही नही ऱ्हाती तं कोनले लेतात?

सुलक्षणा : सोनल म्हणून आहे. खाली ओट्यावर तिचे आई-बाप...

तोताराम : त्या? त्यासनाजोडेच बठेल व्हतू मी. तिनी मायनी मले आत्ते अर्धी भाकर दिधी. मना तोंडकडे दखीसन म्हने, बाबा, खाई ल्या.

सुलक्षणा : काका... सही करताय ना?

तोताराम : करस. करनी तं पडीच. हाई घ्या.

सुलक्षणा : झोपा मावशी. हात सरळ ठेवा. काका, चार तास तुम्हाला इथंच थांबावं लागेल. आत स्टूल आहे.

तोताराम : आत नको. ती खिडकी शे तठे. मी खाले बससू, वट्टावर.

कमलबाई : भाऊ.

तोताराम : काय अक्का?

कमलबाई : खाले गयात का त्या पोरनी माय इचारी, वर तुमनं कोन शे?

तोताराम : इचारी. मंग काय सांगू?

कमलबाई : जे सांगानं ते सांगा. मनं वय तेवढं सांगू नका.