टेकडीवरची पहिली वाइन

आरं, तो चहा ठेव खाली आन् ऐक! इटलीतली लढाई संपवून आमचा थोरला भाऊ पलूसला आला, तो वाइन करायचं याड घेऊनच. टेकडीवरच्या आमच्या बागेत द्राक्षं लय पिकली हुती. त्यानं गुळाची काहील मांडली, सगळी द्राक्षं तिच्यात ओतली आन् म्हणाला, "उतरा आत, पायानं तुडवा!"

आमचं वडील, आबा, लालबुंद झालं. "खायच्या वस्तूला पाय लावतूस?"

"आवं आबा, तिकडं सगळी असंच करत्यात. आज न्हाई तुडवली तर उद्या सडत्याल."

सडत्याल म्हणल्यावर आबा धोतर खोचून स्वतःच पहिलं उतरलं. पर पाय पडला की वाकायचं, द्राक्षाला हात लावून कपाळाला लावायचा, आन् मगच दुसरा पाय टाकायचा! बघून आमीबी तसंच करायला लागलो. तुडवणं कमी आन् नमस्कारच जास्त!

खालनं शेतातली माणसं बघत हुती. सांज व्हायच्या आत निम्मं गाव नारळ घेऊन वर! "आबा, कंचा देव निघाला हो?"

आबांनी काहिलीतनंच हात पुढं केला.

"नारळ ठिवा हितं. देव अजून मुरायचाय, दिवाळीला या!"